क्रिकेटपटु पाळवणकर बाळू

क्रिकेटच्या खेळांत प्रत्येक गड्याचा हिशेब ठेवलेला असतो. धावा किती, बळी किती, सरासरी किती, हें सर्व वहींत लिहिलें जातें व पन्नास वर्षांनींही वाचतां येतें. परंतु वहींत जें लिहिलें जात नाहीं, त्याचाही विचार करावा, या हेतूनें आम्ही पाळवणकर बाळू यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों.

बाळू यांचा जन्म 1876 सालीं धारवाड येथें एका चर्मकार कुटुंबांत झाला. वडील सैन्यांत नोकरीस होते. पुण्यास गोऱ्या अधिकाऱ्यांनीं टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू व त्यांचे धाकटे बंधु शिवराम हे क्रिकेट शिकले. घरची गरिबी असल्यामुळें बाळू यांनीं लहानपणींच एका पारशी क्लबांत दरमहा 3 रुपयांवर नोकरी धरली. पुढें इंग्रजांच्या जिमखान्यांत ते 4 रुपयांवर लागले. मैदान झाडणें, रूळ फिरविणें, जाळ्या उभारणें हें त्यांचें काम. तेथेंच साहेबांस सरावासाठीं चेंडू टाकतां टाकतां ते डावखुरे मंदगति गोलंदाज म्हणून तयार झाले. ग्रेग नांवाचे नामांकित फलंदाज त्यांच्या चेंडूवर बाद झाले कीं त्यांस आठ आणे बक्षीस देत, असें सांगतात. परंतु फलंदाजी करण्यास तेथें त्यांस कोणीही कधीं बोलाविलें नाहीं. त्या वर्षांत त्यांनीं किती हजार चेंडू टाकले असतील, त्याची नोंद कोणत्याही वहींत नाहीं.

पुण्याच्या हिंदु क्लबास इंग्रजांवर विजय हवा होता, म्हणून बाळू यांस संघांत घेण्यांत आलें. मैदानावर एकच चेंडू सर्वांच्या हातांतून फिरत असे. परंतु चहाची वेळ झाली कीं बाळू यांस मंडपाबाहेर मातीच्या निराळ्या भांड्यांत चहा मिळे. चेंडूस विटाळ नव्हता. पेल्यास मात्र होता!

पुढें बाळू मुंबईस गेले व रेल्वेंत नोकरी करून हिंदु जिमखान्याकडून खेळूं लागले. फेब्रुवारी 1906 मध्यें हिंदूंनीं युरोपियन संघाचा 109 धावांनीं पराभव केला. हिंदूंच्या धावा 242 व 160. युरोपियनांच्या 191 व 102. बाळू यांनीं दोन डावांत मिळून 8 गडी बाद केले. राज्यकर्त्यांस त्यांच्याच खेळांत हरवितां येतें, हें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें.

1911 सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडास गेला. संघ बहुतेक सामने हरला. परंतु पस्तिशींतील बाळू यांनीं त्या दौऱ्यांत एकंदर 114 बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावांत त्यांनीं 103 धावा देऊन 8 गडी बाद केले.

त्यांचे प्रथम श्रेणीचे सामने अवघे 33. त्यांत बळी 179, आणि दर बळीमागें सुमारें 15 धावा. त्यांतील पहिला सामना ते तिशीच्या घरांत आल्यावरच त्यांच्या वांट्यास आला, हें लक्षांत घेतलें म्हणजे या आंकड्यांचें खरें मोल कळतें.

एक मान मात्र त्यांस नाकारला गेला, तो कर्णधारपदाचा. योग्यता सर्वांस ठाऊक होती. जात आड येत होती. 1920 सालीं बाळू यांस संघांतून वगळल्यावर शिवराम व विठ्ठल या बंधूंनीं निषेध म्हणून आपलीं नांवें मागें घेतलीं. तेव्हां बाळू यांस परत बोलावून उपकर्णधार करण्यांत आलें, व कर्णधार मैदानाबाहेर असतां कांहीं काळ संघ त्यांनींच चालविला. 1923 सालीं विठ्ठल हे कर्णधार झाले आणि हिंदूंनीं त्या वर्षीं चौरंगी स्पर्धा जिंकली. आमच्या वर्ध्याचें लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांस खुलें झालें तें 1928 सालीं, हें वाचकांस स्मरत असेल. म्हणजे मंदिराचें दार उघडण्याच्या 5 वर्षें आधीं खेळाच्या मैदानावर एक दार उघडलें होतें. आणि तें ज्यांनीं आयुष्यभर ठोठावलें, ते बाळू तोंवर निवृत्त झाले होते.

पुढें त्यांनीं सार्वजनिक कार्यांत भाग घेतला. 1932 च्या पुणें करारावर त्यांची सही आहे. 1937 सालीं ते डॉ. आंबेडकर यांच्याविरुद्ध निवडणुकीस उभे राहिले व पराभूत झाले. 4 जुलै 1955 रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें.

आमच्या विद्यार्थ्यांस इतकेंच सांगणें आहे, कीं गुणपत्रिकेंतील किंवा खेळाच्या वहींतील आंकडे खोटे नसतात. तथापि ते अपुरे असतात. आपल्या संघांत कोणास कोठें उभें केलें जातें, आणि मधल्या सुट्टींत कोण एकटा बसतो, हेंही आपण पाहिलें पाहिजे. तो हिशेब दुसरें कोणी लिहून ठेवीत नाहीं.