राजाश्रयावाचून जगलेला धर्म

कोणत्याही धर्माची परीक्षा त्याच्या पाठीशी राजसत्ता उभी असताना होत नाही. राजाश्रय असतो तेव्हा मंदिरे उभी राहतात, उत्सव थाटाने होतात आणि अनुयायांची संख्याही वाढते. त्या वाढीत श्रद्धेचा वाटा किती आणि सोयीचा किती, हे आश्रय काढून घेतल्यावरच कळते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीलंकेतील कॅथलिक समाजावर नेमका हा प्रसंग आला. डचांनी १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना घेतले आणि किनारपट्टीवरील पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आली. पोर्तुगीज पाद्री हद्दपार झाले, चर्चच्या इमारती डचांच्या प्रॉटेस्टंट पंथाकडे गेल्या आणि कॅथलिक धर्मगुरूला घरात थारा देणे हा देहदंडास पात्र असा गुन्हा ठरला. सरकारी हुद्दा हवा असेल, तर डचांचा पंथ स्वीकारणे भाग होते. जवळजवळ तीस वर्षे हा समाज धर्मगुरूवाचून राहिला. त्याला पुन्हा उभे करण्याचे काम ज्याने केले, तो युरोपातून आलेला नव्हता. तो गोव्याच्या साष्टी प्रांतातील एक अनवाणी चालणारा धर्मगुरू होता. त्याचे नाव जोसेफ वाझ.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे, आजोळी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. घराणे मूळचे ब्राह्मण, दोन-तीन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेले. ज्या साष्टीत ते वाढले, तेथे फादर स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले होते. श्रद्धा लोकांच्या भाषेत सांगितली तरच ती त्यांच्या घरात शिरते, हा विचार त्या मातीला नवा नव्हता. वाझ यांनी जुन्या गोव्यात शिक्षण घेतले आणि १६७६ मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. पुढच्याच वर्षी सांकवाळच्या आरोग्यमातेच्या चर्चमध्ये त्यांनी एक पत्र लिहून स्वतःला मारियामातेचा आजन्म दास म्हणून वाहून घेतले. ही दास्यवृत्ती कागदावरच राहिली नाही, याची साक्ष त्यांच्या पुढच्या सर्व आयुष्याने दिली.

१६८१ पासून सुमारे तीन वर्षे त्यांनी कानडा प्रांतात, मंगळूर, बसरूर, गंगोळी, कुंदापूर या भागांत काम केले. परत आल्यावर जुन्या गोव्यात एकत्र राहणाऱ्या काही गोमंतकीय धर्मगुरूंच्या गटात ते सामील झाले आणि १६८५ मध्ये संत फिलिप नेरी यांच्या धर्तीवर त्या गटाला ओरेटरी या संघाचे रूप दिले. त्या काळच्या युरोपीय धर्मसंघांची दारे एतद्देशीयांना सहसा बंद असत. स्थानिकांनी स्वबळावर चालविलेला हा संघ म्हणून एक ऐतिहासिक पाऊलच होता. अर्थात त्यालाही काळाची मर्यादा होती. त्याचे सभासद ब्राह्मण कुळांतूनच आलेले असत. धर्म बदलला तरी जात मागे राहत नाही, या आपल्या समाजाच्या दुखण्यातून तोही सुटला नव्हता. वाझ यांचे मोठेपण असे की, या चौकटीत घडलेला हा माणूस स्वतःच्या प्रतिष्ठेचे एकेक चिन्ह उतरवीत गेला.

१६८६ मध्ये त्यांनी गोवा सोडले. पाद्र्याचा झगा टाकून मजुराचा वेष घेतला, तुतिकोरीनमार्गे समुद्र ओलांडला आणि १६८७ मध्ये जॉन नावाच्या आपल्या सेवकासह ते जाफन्यात उतरले. उतरताच दोघेही अतिसाराने अंथरुणास खिळले. कोणा एका बाईने आणून दिलेल्या पेजेवर ते जगले, अशी हकीकत चरित्रकार सांगतात. बरे झाल्यावर प्रश्न उभा राहिला, तो आपल्या माणसांना ओळखायचे कसे, हा. उघड विचारणे म्हणजे विचारणाऱ्याच्या आणि सांगणाऱ्याच्याही जिवाशी खेळ. वाझ यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि ते दारोदार भिक्षा मागत हिंडू लागले. ती माळ पाहून कोणाच्या चेहऱ्यावर काय उमटते, याकडे ते लक्ष ठेवीत. अशा रीतीने एक कुटुंब सापडले, त्यातून दुसरे सापडले, आणि रात्रीच्या अंधारात बंद दारांआड मिस्सा सुरू झाली. पुढे जाफन्याजवळच्या सिल्लालै या गावाने त्यांना आश्रय दिला.

या गुप्त उपासनेची किंमत सामान्य माणसांनी मोजली. एका नाताळच्या रात्री डच अधिकाऱ्यांनी छापा घातला आणि अनेकांना पकडले. काहींना फटके आणि सक्तमजुरीची शिक्षा झाली. त्यांतला एक जण फटक्यांनीच दगावला. वाझ हाती लागले नाहीत. इतिहास संतांची नावे जपतो. परंतु संतांना घरात लपविणाऱ्यांची, पहाऱ्यावर बसणाऱ्यांची आणि त्यांच्या वाटणीचे फटके खाणाऱ्यांची नावे बहुधा काळाच्या पोटात जातात.

वाझ यांच्या कार्याचे मर्म येथेच आहे. एवढ्या मोठ्या बेटावर वर्षानुवर्षे एकटाच धर्मगुरू. एखाद्या गावी एकदा जाऊन आल्यावर पुन्हा केव्हा जाणे होईल, याचा नेम नाही. तेव्हा धर्मगुरू नसतानाही धर्मग्राम चालला पाहिजे, अशी घडी बसविणे आवश्यक होते. त्यांनी ठिकठिकाणी प्रापंचिकांतूनच पुढारी नेमले. गावचा वडीलधारा तो मुप्पू आणि प्रार्थना व धर्मशिक्षण सांभाळणारा तो अण्णावी. रविवारी लोकांना एकत्र जमवून प्रार्थना म्हणणे, मुलांना धर्मतत्त्वे शिकविणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे, मरणोन्मुख बालकाला बाप्तिस्मा देणे, तंटे समेटाने मिटविणे, ही कामे शेतकरी, कोळी, व्यापारी अशा संसारी माणसांकडे आली. धर्मगुरू आला की मिस्सा होई, पापनिवेदने ऐकली जात, लग्नांना आशीर्वाद मिळे. तो गेला तरी गावचा धर्म त्याच्याबरोबर निघून जात नसे. धर्मग्राम म्हणजे चर्चची इमारत नव्हे, तर एकमेकांची जबाबदारी घेणारी माणसे होत, हा धडा या समाजाला प्रवचनांतून नव्हे, तर निकडीतून मिळाला.

१६९२ मध्ये वाझ पुत्तळमहून डोंगराळ प्रदेशातील कँडीच्या राज्यात शिरले. पोर्तुगीजांचा हेर असल्याची चुगली झाल्यामुळे त्यांना कैदेत टाकण्यात आले. ती कैद त्यांनी सिंहली भाषा शिकण्यात खर्च केली. तमिळ ते आधीच शिकले होते. ज्या गोव्यातून ते आले, तेथे १६८४ मध्ये व्हाइसरॉयने स्थानिकांची बोली मोडून तीन वर्षांत पोर्तुगीज रूढ करण्याचा हुकूम काढला होता. एकीकडे सत्ता लोकांची भाषा हिरावू पाहत होती; दुसरीकडे त्याच राज्यातला एक धर्मगुरू परक्या लोकांच्या दोन भाषा तोंडात बसवीत होता. पुढे अवर्षणात वाझ यांच्या प्रार्थनेने पाऊस पडला आणि राजाची मर्जी बसली, अशी परंपरा आहे. चमत्कार मानावा की न मानावा, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. मात्र राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने त्यांना आपल्या राज्यात मोकळेपणाने हिंडू दिले, हा इतिहास आहे. हा राजा निष्ठावंत बौद्ध होता; आराकानमधून भिक्षू आणवून त्याने १६९७ मध्ये आपल्या देशातील खंडित भिक्षुदीक्षा पुन्हा सुरू करविली. ख्रिस्ती डचांनी ज्याचा पाठलाग केला, त्या ख्रिस्ती धर्मगुरूला बौद्ध राजाने आसरा दिला. धर्माच्या नावाने होणारे कलह बहुधा सत्तेचे असतात, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

त्याच १६९७ च्या सुमारास कँडीत देवीची साथ आली. लोक शहर सोडून पळाले. रोग्यांना घरच्यांनीच रानात नेऊन टाकले. वाझ आणि नुकतेच गोव्याहून आलेले त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो मागे राहिले. त्यांनी रोग्यांसाठी झोपड्या उभारल्या, जखमा धुतल्या, अन्न भरविले, मेलेल्यांना मूठमाती दिली. रोगी ख्रिस्ती की बौद्ध, हे त्यांनी पाहिले नाही. ही सेवा पाहून राजाच्या मनातील उरलासुरला संशयही मावळला.

हळूहळू गोव्याहून आणखी सोबती येत गेले. १७०५ मध्ये आलेले दिवाडी बेटाचे फादर जाकोम गोन्साल्विस यांनी सिंहली व तमिळ भाषांत ग्रंथरचना करून या कार्याला साहित्याची जोड दिली. वाझ यांना स्वतःला वरिष्ठ धर्माधिकार देऊ करण्यात आला होता. तो त्यांनी नाकारला. १६ जानेवारी १७११ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, कँडीत त्यांचा अंत झाला. जवळजवळ चोवीस वर्षांत ते एकदाही मायभूमीस परतले नव्हते. त्यांची कबर नेमकी कोठे, हे आज दाखविता येत नाही. ज्याने आपल्या नावाची एक वीटही मागे ठेवली नाही, त्याच्या बाबतीत हे विशोभित वाटत नाही. १९९५ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबोत त्यांना धन्य घोषित केले, आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तेथेच त्यांना संतपद दिले.

संतपदाचा सोहळा लाखोंच्या साक्षीने झाला. पण त्या पदाची कमाई दारोदारच्या भिक्षेत, कैदेतल्या भाषाभ्यासात आणि देवीच्या रोग्यांच्या झोपड्यांत झालेली होती. शिष्यत्व म्हणजे मोठ्या क्षणी केलेला मोठा त्याग, असा आपला समज असतो. वाझ यांचे चरित्र आणि त्यांनी उभे केलेले अनाम मुप्पू व अण्णावी दुसरेच काही सांगतात. आठवड्यामागून आठवडा चार घरांना एकत्र आणणे, शेजाऱ्याच्या आजारपणात धावून जाणे आणि कोणी पाहत नसतानाही आपला नेम न मोडणे, यातच शिष्यत्वाचा कस लागतो. पोर्तुगीजांनी बांधलेल्या भिंती डचांना एका फटक्यात घेता आल्या. संसारी माणसांनी आपापल्या घरात सांभाळलेला धर्म मात्र त्यांना त्यांच्या सुमारे दीडशे वर्षांच्या राजवटीतही घेता आला नाही.