विश्लेषण : अँटिबायोटिक कधी द्यावे? पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांचा इशारा आजही का लागू?

नवी मुंबई : पावसाळा सुरू झाला की वाशी, नेरुळ, खारघरमधील रुग्णालयांत ताप-खोकल्याच्या रुग्णांची गर्दी वाढते. यातील कोणाला अँटिबायोटिक द्यायचे आणि कोणाला नाही, हा डॉक्टरांपुढचा रोजचा प्रश्न. जगाला पेनिसिलिन देणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी त्याच्या गैरवापराचा धोका ८० वर्षांपूर्वीच सांगितला होता.

फ्लेमिंग कोण होते?

६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लंडनमध्ये जहाज कंपनीत काही वर्षे कारकुनी केल्यावर, काकांच्या वारशातून मिळालेल्या पैशांवर ते सेंट मेरीज रुग्णालयाच्या महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षणासाठी दाखल झाले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांवर उपचार करताना त्यांना एक गोष्ट दिसली. जंतुनाशके खोल जखमेतील जंतूंपर्यंत पोहोचत नव्हती, उलट शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशीच मारत होती. औषध चुकीच्या जागी वापरले तर अपायच करते, हा धडा त्यांना तिथे मिळाला.

पेनिसिलिन कसे सापडले?

सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीवरून परतल्यावर त्यांना प्रयोगशाळेतील एका बशीत बुरशी आलेली दिसली. तिच्याभोवतीचे जंतू नाहीसे झाले होते. मात्र हा घटक शुद्ध करणे त्यांना जमले नाही. ते काम ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि सहकाऱ्यांनी केले. १९४१ मध्ये तिथे एका पोलीस शिपायाला पेनिसिलिन दिले. त्याची प्रकृती सुधारू लागली, पण औषध संपले, संसर्ग उलटला आणि तो दगावला.

इशारा काय होता?

१९४५ मध्ये फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना नोबेल मिळाले. त्या वेळच्या व्याख्यानात फ्लेमिंग यांनी एक काल्पनिक उदाहरण दिले. घसा दुखतो म्हणून एक माणूस स्वतःच अपुरे पेनिसिलिन घेतो. जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात. तेच जंतू पत्नीला लागतात आणि पेनिसिलिन देऊनही ती वाचत नाही. चूक एकाची, किंमत दुसऱ्याने मोजलेली. १९४८ पर्यंत लंडनमधील एका रुग्णालयात स्टॅफिलोकॉकस जंतूंचे निम्म्याहून अधिक नमुने पेनिसिलिनला दाद देईनासे झाले होते.

११ मार्च १९५५ रोजी फ्लेमिंग यांचे निधन झाले. त्याआधीच, १९५४ मध्ये, देशातच पेनिसिलिन बनवण्यासाठी पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली होती. तेव्हा प्रश्न औषध मिळण्याचा होता, आता ते टिकवण्याचा आहे. २०१९ मध्ये प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे.

मार्गदर्शक तत्त्वे कशासाठी?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) कोणत्या संसर्गात कोणते औषध, किती मात्रेत आणि किती दिवस द्यावे, याची तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. शक्य तिथे औषध सुरू करण्याआधी कल्चर चाचणीसाठी नमुना घ्यावा, दोन-तीन दिवसांनी अहवाल पाहून औषध बदलावे, कमी करावे किंवा थांबवावे, हे त्याचे सूत्र. गंभीर जंतुसंसर्गात मात्र अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावे लागतात. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांना अँटिबायोटिकमागचे कारण चिठ्ठीवर लिहिण्यास सांगितले.

रुग्णांनी काय करावे?

फ्लेमिंग यांना अपुऱ्या मात्रेची चिंता होती. आज गरज नसताना किंवा गरजेपेक्षा जास्त दिवस घेतलेले औषधही तितकेच घातक मानले जाते. सर्दी, फ्लू, डेंग्यू हे विषाणूंचे आजार, त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. त्यामुळे डॉक्टरांकडे ते मागू नये, जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणू नये आणि डॉक्टरांनी दिले असेल तर सांगितलेल्या मात्रेत, सांगितले तितके दिवस घ्यावे. आपल्या घरातील एका गोळीचा परिणाम शेजारच्या खाटेवरील रुग्णावरही होऊ शकतो.