गार्सिया द ओर्ता : परसातल्या झाडपाल्याचा जाणकार



सांगलीची हळद आणि साताऱ्याचे आले आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात असते. खोकल्याला अडुळसा, भाजल्यावर कोरफड, सर्दीला गवती चहा ही परसातली औषधे आपल्या आज्यांना तोंडपाठ होती. अशाच वनस्पतींवर साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी गोव्यात एका डॉक्टरांनी मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचे नाव गार्सिया द ओर्ता.

त्यांचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमध्ये झाला. आईवडील मूळचे स्पेनमधील यहुदी. १४९२ साली यहुद्यांना स्पेनमधून हाकलले गेले आणि १४९७ साली पोर्तुगालमध्ये त्यांच्यावर बाप्तिस्मा लादण्यात आला. अशा कुटुंबांना नवख्रिस्ती म्हणत व त्यांच्याकडे संशयाने पाहत. गार्सियांनी स्पेनमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेतले, लिस्बनला अध्यापन केले आणि १५३४ साली ते गोव्यात आले.

गोव्यात त्यांनी मोठा दवाखाना चालवला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्यांना मान होता. पण युरोपातल्या पुस्तकांवर विसंबून न राहता ते इथल्या वैद्यांना, हकिमांना, व्यापाऱ्यांना विचारत. झाडाचे इथले नाव काय, कोणता भाग वापरतात, कसा टिकवतात, हे सारे ते टिपून घेत. घरी त्यांची स्वतःची बाग होती. पुढे १५५४ च्या सुमारास मुंबई बेट त्यांना भाडेपट्ट्याने मिळाले. तिथल्या त्यांच्या आंब्याच्या झाडाला वर्षातून दोनदा, एकदा नाताळच्या सुमारास आणि एकदा उन्हाळ्यात, फळे येत.

१० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात त्यांचा ग्रंथ छापून निघाला. भारतात छापलेल्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी तो एक. दोन डॉक्टरांच्या संभाषणाच्या रूपाने तो लिहिला आहे. मध्येच अंतोनिया नावाची दासी हव्या त्या वनस्पती आणून देते. कैरीत ओले आले आणि लसूण भरून ती कशी मुरवतात, आले ओले, वाळवून किंवा साखरेत मुरवून कसे खातात, हळद रंगाला, जेवणात आणि औषधात कशी वापरतात, हे त्यात आहे. आपल्या सह्याद्रीत आढळणाऱ्या कुड्याचा हगवणीवरचा उपयोगही त्यात आहे. १५६७ साली या ग्रंथाचा संक्षेप लॅटिनमध्ये निघाला आणि युरोपभर पोहोचला. आपल्या परसातले ज्ञान जगाने असे वाचले.

१५६८ साली गार्सिया वारले. त्यानंतर जे घडले ते आपण ख्रिस्ती म्हणून ऐकायलाच हवे. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय सुरू झाले होते. त्यांच्या बहिणीला, कातारिनाला, गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून १५६९ साली जाळण्यात आले. मग गार्सियांवरही तोच ठपका आला आणि १५८० साली त्यांची हाडे कबरीतून काढून जाळण्यात आली. ज्याने आयुष्यभर रोग्यांची सेवा केली, त्याच्या हाडांनाही आपल्या लोकांनी विसावा दिला नाही.

१२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये, सत्याच्या नावाखाली केलेल्या जबरदस्तीबद्दल आणि यहुदी लोकांवरील अन्यायाबद्दल, देवाकडे जाहीर क्षमा मागितली. ती प्रार्थना गार्सिया आणि कातारिना यांच्यासाठीही होती असे आपण मानू या. आज पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला गार्सियांचे नाव आहे. जुन्या गोव्याच्या यात्रेला जाल तेव्हा तिथे घटकाभर थांबून त्या दोघांसाठी प्रार्थना करा.

बेनसिराच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात वैद्याचा मान राखण्यास सांगितले आहे, आणि औषधे प्रभूनेच भूमीतून निर्माण केली असेही सांगितले आहे. देवाची ही देणगी गार्सियांनी कोणत्या धर्माच्या माणसाकडून मिळते हे न पाहता स्वीकारली. आपणही घरातल्या वडीलधाऱ्यांना, शेजारच्या आजींना विचारू या आणि त्यांना माहीत असलेली झाडे, लोणची, काढे वहीत लिहून ठेवू या. आजार मोठा असेल तर डॉक्टरांकडे जरूर जावे. पण अंगणात एक अडुळसा, एक कोरफड लावायला जागा नक्कीच निघेल. आणि शेजारी कोणत्याही धर्माचा असो, मागायला आला तर पाला आनंदाने तोडून द्यावा.