आज जगाचं क्लाउड ज्या 'कंटेनर'वर चालतं, त्याचा मूळ पुरुष एक ट्रक ड्रायव्हर होता

आयटीत काम करणारा एखादा मित्र असेल, तर डॉकर, कुबरनेटिस, कंटेनर, क्लस्टर हे शब्द कानावरून गेलेच असतील. डॉकरच्या लोगोत एक देवमासा आहे आणि त्याच्या पाठीवर डबे रचलेत. कुबरनेटिस म्हणजे ग्रीक भाषेत जहाजाचं सुकाणू धरणारा. त्याच्या लोगोत जहाजाचं चाक आहे.

आता एसी ऑफिसात बसून कोडिंग करणाऱ्यांना समुद्राचं एवढं वेड कुठून लागलं?

त्यासाठी माल्कम मॅकलीन या माणसाला भेटावं लागतं.

१९१३ साली अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या मॅक्सटन गावात तो जन्मला. घर शेतकऱ्याचं. शाळा संपली तेव्हा मंदी होती, कॉलेजला पैसे नव्हते. गडी पेट्रोल पंपावर लागला. तिथून जुन्या ट्रकवर माल वाहायला सुरुवात केली आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याच्या कंपनीकडे १,७०० च्या वर ट्रक झाले.

एक किस्सा त्याच्याबद्दल कायम सांगितला जातो. १९३७ मध्ये कापसाच्या गाठी घेऊन तो बंदरावर गेला. हमाल एकेक गाठ उतरवून जहाजात चढवत होते आणि हा दिवसभर ट्रकमध्ये ताटकळत बसला होता. तेव्हाच त्याच्या डोक्यात आलं, की अख्खा ट्रकच जहाजावर का चढवू नये? किस्सा भारी आहे, पण मॅकलीनने तो फार उशिरा सांगितला आणि अभ्यासकांना त्यावर शंका आहे. खरं कारण बहुधा साधं होतं. रस्त्यावर ट्रॅफिक वाढत होतं आणि समुद्रमार्ग स्वस्त पडत होता.

पण अमेरिकन नियमांप्रमाणे ट्रक कंपनीला जहाज कंपनी ठेवता येत नव्हती. मग याने काय केलं? वीस वर्षं घाम गाळून उभी केलेली ट्रक कंपनी सोडली आणि १९५५ मध्ये ४.२ कोटी डॉलर कर्ज काढून जहाजं घेतली.

२६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल एक्स' नावाचं जुनं तेलवाहू जहाज न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. त्याच्या डेकवर ५८ डबे होते. क्रेन साधारण सात मिनिटाला एक डबा चढवत होती. सुटा माल चढवायला टनामागे ५.८३ डॉलर लागायचे, इथे हिशेब १६ सेंटच्याही खाली आला.

इथे एक गोष्ट नीट बघा. पत्र्याचे मोठे डबे मॅकलीनच्या आधीही होते. त्याने बदल केला तो डब्याभोवतीच्या सगळ्या व्यवस्थेत. कीथ टँटलिंगर या इंजिनिअरकडून त्याने डब्याच्या कोपऱ्यांना ठरावीक भोकं आणि त्यात फिरून बसणारं कुलूप बनवून घेतलं. कोपरे एकसारखे असले, की क्रेनला आत काय आहे हे कळायची गरज उरत नाही. आत बूट असोत, नाहीतर टीव्ही. उचला, ठेवा, लॉक करा.

सॉफ्टवेअरचा कंटेनर नेमका हाच आहे. ॲप आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात बंद करायचं. 'माझ्या लॅपटॉपवर तर चालत होतं' हे रडगाणं बरंचसं तिथे संपतं. असे शेकडो डबे अनेक मशीनवर वाटून चालवले, की ते क्लस्टर. कुठला डबा कुठे ठेवायचा, बंद पडला तर पुन्हा कसा उभा करायचा हे कुबरनेटिस बघतं.

मॅकलीनकडे परत येऊ, कारण खरी गंमत पुढे आहे.

१९६० च्या सुमाराला प्रत्येक कंपनीचे डबे वेगळ्या मापाचे होते. मॅकलीनचे ३५ फुटी, पॅसिफिकमधल्या मॅटसन कंपनीचे २४ फुटी. एकाचा डबा दुसऱ्याच्या जहाजावर बसेना. तोवर टँटलिंगर मॅकलीनची नोकरी सोडून गेला होता, पण १९६३ मध्ये त्यानेच जुन्या मालकाला गळ घातली, की कोपऱ्याच्या डिझाइनचं पेटंट सोडून द्या. मॅकलीनने ते सोडलं. फुकट. तेही अशा प्रमाणासाठी, ज्याच्या १०, २०, ३०, ४० फुटांच्या मापांत त्याचा स्वतःचा ३५ फुटी डबा बसतच नव्हता!

२०१५ मध्ये डॉकर कंपनीनेही असंच केलं. आपल्या कंटेनरचा साचा एका खुल्या संस्थेला देऊन टाकला. डबा सगळ्यांचा झाला, पण डबे सांभाळण्याच्या शर्यतीत डॉकरचं स्वार्म मागे पडलं आणि गुगलमधून आलेलं कुबरनेटिस जिंकलं. २०१९ मध्ये डॉकरला मोठ्या कंपन्यांसाठीचा धंदा विकावा लागला.

कोपरे सगळ्यांचे झाले म्हणूनच आज विकेंद्रित क्लाउड शक्य आहे. आकाश नेटवर्कचं उदाहरण घ्या (हो, आपलंच आकाश). कुठलाही कंटेनर, किती प्रोसेसर, किती मेमरी, जास्तीत जास्त किती पैसे, हे एका फाइलमध्ये लिहायचं. ज्यांच्याकडे रिकामे सर्व्हर आहेत ते बोली लावतात. आपण एकाला निवडायचं आणि आपला डबा त्याच्या कुबरनेटिस क्लस्टरवर चढतो. मशीनचा मालक कोण, तो कुठल्या देशातला, याने डब्याला फरक पडत नाही.

आपल्याला मात्र पडतो. जमा ठेवलेले पैसे संपले की करार बंद. मालकाचं मशीन बसलं तर दुसऱ्याकडे डबा नव्याने चढवायचा, आणि डेटा पहिल्याच मशीनवर ठेवला असेल तर तो तिथेच अडकतो. बॅकअप वेगळा नसेल तर झोप उडते. एका बड्या कंपनीवर अवलंबून न राहण्याची ही किंमत आहे आणि स्वस्त दर बघून उडी मारणारे ती बऱ्याचदा विसरतात.

मॅकलीनलाही डब्याने कधी दगा दिला नाही. घोळ झाला तो डब्याबाहेरच्या अंदाजांमुळे.

व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचं सामान बंदरांत तुंबलं होतं. १९६७ पासून मॅकलीनच्या सी-लँड कंपनीने ते कंटेनरने पोहोचवलं आणि परतताना रिकाम्या जहाजांत जपानचा माल भरला. दोन्हीकडून कमाई. १९६९ मध्ये त्याने सी-लँड विकली. त्याच सुमाराला कंपनीने आठ अतिवेगवान जहाजं मागवली होती. ती धावू लागली आणि १९७३ ला तेलाचा भडका उडाला. वेगासाठी बनलेली जहाजं इंधन पिऊ लागली.

मग १९७८ मध्ये त्याने युनायटेड स्टेट्स लाइन्स घेतली आणि बरोबर उलटा डाव टाकला. तेल महागच राहणार असं धरून १२ संथ, प्रचंड जहाजं बांधली. ती पूर्वेकडे जात पृथ्वीला फेरी मारत राहणार होती. ती आली आणि तेल कोसळलं. १९८६ मध्ये कंपनी एक अब्ज डॉलरपेक्षा जास्त कर्जासह दिवाळखोरीत गेली. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. पुढे ती जहाजं विकत घेतली कुणी? त्याच्याच जुन्या सी-लँडने.

नोकऱ्यांचं निघालंच आहे तर, गोदी कामगारांचं काय झालं हेही सांगायला हवं. मॅनहॅटन आणि ब्रुकलिनचे धक्के ओस पडले, काम समोरच्या न्यूजर्सीत गेलं. न्यूयॉर्कच्या संघटनेने लढून कामगारांसाठी काम नसलं तरी वर्षाला ठरावीक उत्पन्न मिळवलं, पण त्यांच्या पोरांसाठी तो धंदा उरला नाही. आपल्याकडे १९८९ मध्ये न्हावा शेवा सुरू झालं आणि मुंबईच्या जुन्या गोदीतला कंटेनरचा ओघ खाडीपलीकडे वळला. मॅकलीनची गोष्ट यशोगाथा म्हणून शेअर करताना एवढा भाग हमखास गळतो.

दिवाळखोरीनंतर तो लोकांसमोर यायचं टाळू लागला. तरी १९९१ मध्ये, वयाच्या सत्तराव्या दशकाच्या शेवटी, त्याने ट्रेलर ब्रिज नावाची आणखी एक वाहतूक कंपनी काढली. मे २००१ मध्ये न्यूयॉर्कला तो गेला. अंत्यसंस्काराच्या सकाळी जगभरातल्या कंटेनर जहाजांनी एकाच वेळी भोंगे वाजवले.