राजकोटचे विद्यार्थी शाहू छत्रपती

राजर्षी शाहू छत्रपतींचा जन्म कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. मातोश्री राधाबाई १८७७ साली निवर्तल्या. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि पुढच्याच वर्षी शिक्षणार्थ राजकोटच्या राजकुमार कॉलेजात दाखल झाले.

प्राचार्य मॅकनॉटन यांच्या त्या वसतिशाळेत काठेवाडचे राजपुत्र शिकत. मुलूख परका, भोवतालची भाषा गुजराती, शिक्षण इंग्रजी आणि शिस्त कडक! धाकटे बंधू बापूसाहेब सोबत होते, एवढाच घरचा आधार. अशातच १८८६ साली वडील आबासाहेबही वारले. तथापि महाराज १८८९ पर्यंत तेथेच शिकले. भावनगरच्या भावसिंहजींसारखा जन्माचा स्नेही त्यांना तेथेच लाभला.

पुढे धारवाडास फ्रेझर साहेबांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले व २ एप्रिल १८९४ रोजी राज्याधिकार हाती आला. १९०१ पासून मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा नाना समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात त्यांच्या आश्रयाने वसतिगृहे उभी राहिली. परठिकाणी मुलगा रुळावयाचा तर त्यास छप्पराइतकीच सोबत्यांची गरज असते, हे राजकोटने त्यांस शिकविले असावे, असे आम्हांस वाटते.

वसतिगृहात नव्याने आलेला मुलगा महिन्याभरात घरी पळून येतो आणि आईबाप मायेपोटी त्यास ठेवून घेतात, हे आम्ही शिक्षकी पेशात अनेकदा पाहिले. समाजबांधवांनी अशा मुलास पोटाशी धरावे, धीर द्यावा, आणि स्वतः सोबत जाऊन पुन्हा वसतिगृहात पोहोचवावे, ही आमची नम्र विनंती.