धर्मानंद कोसंबी : पोथीपासून विद्यापीठापर्यंत

श्रावण लागला की कोकणातल्या देवळांतून आणि घरांतून पोथ्या बाहेर निघतात. आमच्या वेळणेश्वरासारख्या शंकराच्या गावी शिवलीलामृताचे अध्याय ज्यांनी लहानपणी कधी ऐकले नाहीत असा विद्यार्थी सापडणे कठीण. वाचणारा वाचतो, ऐकणारे हात जोडून ऐकतात, अध्याय संपला की आरती होते. पोथीला प्रश्न विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. ती कोणी रचली, केव्हा रचली, तिच्यातले आधीचे कोणते आणि मागाहून शिरलेले कोणते, हे विचारणारा उद्धट ठरतो. आणि दुसऱ्याची पोथी तर आपण उघडतही नाही.

वास्तविक दुसऱ्याची म्हणावी ती पोथीही एके काळी आपलीच होती. वेळणेश्वरहून उत्तरेला जाऊन दाभोळची खाडी ओलांडली की दापोली तालुक्यात पन्हाळेकाजी लागते. तेथे २९ लेणी आहेत. प्रथम ती बौद्धांची होती, पुढे तेथे शैव आले, नाथपंथी आले. ही लेणी अभ्यासकांच्या नजरेस आली १९७० च्या सुमारास! खाडीपलीकडच्या डोंगरात काय कोरलेले आहे याची दाद आपल्याला शेकडो वर्षे नव्हती. मग त्या लेण्यांत राहणारे भिक्षू कोणते ग्रंथ पाठ म्हणत असतील, याची आठवण कोठून राहणार?

ती आठवण मराठी माणसाला ज्यांनी परत आणून दिली ते आचार्य धर्मानंद कोसंबी याच किनाऱ्याच्या दक्षिण टोकाचे, गोमंतकातले. त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी सांखवाळ येथे एका सारस्वत कुटुंबात झाला. घरची नारळाची बागायत होती. शिक्षण म्हणावे असे काही झाले नाही. प्रकृती तोळामासा, इंग्रजी शाळा नाही, हायस्कूल नाही, कॉलेजचे तर नावच नको. विसाव्या वर्षापर्यंत हा तरुण माडांची राखण करीत होता आणि हाती लागेल ते मराठी पुस्तक वाचीत होता. पंधराव्या वर्षाच्या आसपास बाळाबाई लाड यांच्याशी त्यांचे लग्नही होऊन गेले होते.

अशा वेळी ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले. हे मासिक चालवीत होते ख्रिस्ती मिशनरी. म्हणजे हिंदू घरातल्या मुलाला बुद्ध भेटला तो ख्रिस्ती लोकांच्या मासिकात! त्या चार पानांनी त्यांना असे झपाटले की बुद्धाचा मूळ उपदेश ज्या भाषेत आहे ती भाषा शिकायची, ते ग्रंथ वाचायचे आणि मग आपल्या लोकांना मराठीत सांगायचे, एवढाच ध्यास उरला. पण शिकणार कोठे? पाली शिकवणारा गुरू गोव्यात नव्हता. १८९९ च्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडले.

येथे थोडे थांबले पाहिजे. त्याच वर्षी त्यांना पहिली मुलगी, माणिक, झाली होती. तान्ही मुलगी आणि तरुण पत्नी यांना मागे टाकून ते निघाले आणि पुढे सुमारे सात वर्षे घरी फिरकले नाहीत. चरित्रलेखक बहुधा या ठिकाणी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची उपमा देऊन मोकळे होतात. मला ती उपमा फार सोयीची वाटते. ज्ञानासाठी घर सोडणाऱ्याचे चरित्र लिहिले जाते. घरी राहणारीने ती वर्षे कशी काढली याला कोणी प्रकरण देत नाही. धर्मानंदांच्या विद्वत्तेची किंमत जेव्हा आपण मोजतो तेव्हा तिच्यातला बाळाबाईंचा हप्ताही मोजायला हवा.

घर सोडल्यावर ते पुण्यास आले आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना भेटले. तेथून ग्वाल्हेरमार्गे काशी. काशीला अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृत व्याकरण आणि साहित्य यांचा कसून अभ्यास केला. बौद्ध धर्म जिवंत आहे असे ऐकून १९०२ साली ते नेपाळला गेले आणि निराश होऊन परतले. बुद्धगयेला कळले की पाली शिकायची तर सिंहलद्वीपाला गेले पाहिजे. खिशात पैसा नाही, भाषा अवगत नाही, तरी कलकत्त्याच्या बौद्ध मंडळींच्या मदतीने ते कोलंबोला पोचले आणि विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली श्रामणेर होऊन त्रिपिटक वाचू लागले. पुढे ब्रह्मदेशात भिक्षूची दीक्षा घेतली. आज आपल्याला ग्रंथ हवा तर ग्रंथपालाकडे चिठ्ठी द्यावी लागते. धर्मानंदांना एका ग्रंथासाठी समुद्र ओलांडून लिपीही नवी शिकावी लागली. सिंहली प्रत सिंहली अक्षरात, ब्रह्मी प्रत ब्रह्मी अक्षरात. नागरीत पाली ग्रंथ छापण्याचा हट्ट त्यांनी जन्मभर का धरला, हे यावरून समजते.

१९०६ साली त्यांनी चीवर उतरवले. श्रद्धा उडाली म्हणून नव्हे, तर विहारात बसून आपले काम होणार नाही हे कळले म्हणून. वंगभंगाच्या चळवळीतून कलकत्त्यास नॅशनल कॉलेज निघाले होते. तेथे ते पाली शिकवू लागले, आणि लवकरच कलकत्ता विद्यापीठातही त्यांची नेमणूक झाली. मॅट्रिकसुद्धा न झालेला माणूस विद्यापीठात अध्यापक! पण मन तेथे रमेना. जे शिकलो ते महाराष्ट्राच्या उपयोगी पडले पाहिजे, ही टोचणी होती. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी महाराष्ट्रात राहून मराठीत लिहिण्यासाठी महिना ५० रुपये देऊ केले, आणि धर्मानंदांनी कितीतरी अधिक पगाराची विद्यापीठाची नोकरी सोडून ते ५० रुपये पत्करले. त्यातूनच बडोद्याची व्याख्याने झाली आणि ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक १९१० साली निघाले. मराठी वाचकाला मूळ पाली ग्रंथांच्या आधारे बुद्धाची ओळख झाली ती अशी.

याच काळात हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक वुड्स हिंदुस्थानात आले होते. त्यांच्यामुळे धर्मानंदांना अमेरिकेचे बोलावणे आले. हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या विद्वानाने बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाचव्या शतकातील महाग्रंथाची संशोधित प्रत तयार करण्यास हात घातला होता आणि काम अपुरे टाकून १८९९ साली तो वारला होता. ते पुरे करण्यासाठी १९१० मध्ये धर्मानंद हार्वर्डला गेले. दोन वर्षे त्यांनी पाठभेद ताडून पाहिले, चुका निवडल्या. मात्र प्राध्यापक लॅनमन यांच्याशी ग्रंथाच्या श्रेयावरून मतभेद झाले आणि १९१२ साली धर्मानंद स्वदेशी परतले. या कामासाठी त्यांना पुढे आणखी तीन वेळा अमेरिकेला जावे लागले. मिंधेपणा पत्करून नाव लावून घेणे त्यांच्या स्वभावात नव्हते, आणि ग्रंथ टाकून देणेही नव्हते.

१९१२ ते १९१८ ही सहा वर्षे ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालीचे प्राध्यापक होते. आम्हां विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत मोलाचा काळ म्हटला पाहिजे. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळावे म्हणून भांडारकरांसारख्यांनी वजन खर्च केले. पण विषय कागदावर येऊन भागत नाही, तो शिकवणारा लागतो. पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत हे पुढचे नामवंत पाली पंडित धर्मानंदांच्या वर्गातून तयार झाले. आज पाली हा ‘सोपा’ विषय म्हणून घेतला जातो आणि वर्गात त्याची चेष्टाही होते. हा सोपा विषय महाराष्ट्रात आणायला एका माणसाला काशी, कोलंबो आणि मंडाले पालथे घालावे लागले, हे चेष्टा करणाऱ्यांना ठाऊक नसते.

१९२२ साली अमेरिकेहून परतल्यावर ते महात्मा गांधींच्या गुजरात विद्यापीठात पुरातत्त्व मंदिरात आले. तेथे पंडित सुखलालजी, मुनी जिनविजयजी असे जैन विद्वान सहकारी लाभले. बौद्ध सूत्रांत निगंठांचे, म्हणजे जैनांचे, उल्लेख पदोपदी येतात. पण ते प्रतिपक्षाने केलेले. आता धर्मानंदांना जैन आगम जैनांच्या शेजारी बसून वाचायला मिळाले. एकाच काळातली, एकाच प्रदेशातली दोन दर्शने एकमेकांकडे कशी पाहत होती हे समजायला दोन्हींकडची पाने एकदम उघडी ठेवावी लागतात. वेद आणि उपनिषदेही त्यांनी याच दृष्टीने वाचली. १९३५ सालच्या ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ या ग्रंथात ही तुलना आहे. त्यातली काही मते फार धाडसी आहेत आणि सगळी टिकतील असे नाही. पण आपल्या जन्माच्या धर्मालाही त्यांनी सूट दिली नाही.

मध्यंतरी १९२९ मध्ये ते लेनिनग्राडला जाऊन आले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील शिरोड्याच्या कामात त्यांनी भाग घेतला आणि तुरुंगवासही भोगला. पुढे मुंबईत परळला कामगार व दलित वस्तीसाठी त्यांनी बहुजन विहार उभारला.

‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ १९४० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. ग्रंथ कसा वाचावा याचा तो वस्तुपाठच आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्र मध्यरात्री निघून गेला, ही कथा आपण शाळेत शिकलो. धर्मानंदांनी दाखवले की महापदानसुत्तात ही कथा विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाची म्हणून येते. गौतमाच्या चरित्रात ती मागाहून आली. अरियपरियेसनसुत्तात तर आईवडील रडत असता त्यांच्यासमक्ष गौतमाने घर सोडल्याचे आहे. मग मध्यरात्रीचा घोडा कोठला? आणि सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्ताच्या आधारे त्यांनी गृहत्यागाचे कारण शोधले ते शाक्य आणि कोलिय यांच्यातील शस्त्राच्या भांडणात, रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात. शुद्धोदन हा सम्राट नसून शेती करणाऱ्या शाक्यांपैकी एक होता, हेही त्यांनी साधार मांडले. बुद्ध यामुळे लहान झाला का? उलट, सुखवस्तू राजपुत्राच्या वैराग्यापेक्षा भावकीच्या मारामारीला विटलेल्या माणसाचे दुःख आपल्याला अधिक ओळखीचे वाटते. कोकणात बांधावरून आणि पाण्यावरून भांडणारी घरे काही कमी नाहीत! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातही गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणीचा हाच तंटा आला आहे.

याच ग्रंथातील मांसाहाराच्या चर्चेने वादळ उठले. बुद्धाचे अखेरचे भोजन डुकराच्या मांसाचे होते असे मानण्यास ते कचरले नाहीतच, पण भगवतीसूत्रातील एका उताऱ्यावरून महावीरस्वामींच्या काळीही मांस अगदी वर्ज्य नसावे असे त्यांनी लिहिले. जैन समाज दुखावला. तेथील शब्द वनस्पतींची नावे आहेत, हा जैन परंपरेचा अर्थ. धर्मानंदांनी तो पटला नाही म्हणून स्वीकारला नाही. कोणाचा अर्थ बरोबर हे ठरवण्याची माझी पात्रता नाही. लक्षात घ्यावे ते इतकेच की ज्या बुद्धासाठी त्यांनी सर्वस्व सोडले त्याला त्यांनी जी कसोटी लावली, तीच महावीरांना लावली.

आणि तरी जैनांशी त्यांचे नाते तुटले नाही. अखेरच्या वर्षांत ते पार्श्वनाथाच्या चातुर्यामाकडे, म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह या चार व्रतांकडे, अधिकाधिक ओढले गेले. बुद्धाच्या शिकवणीचे मूळ त्यांना तेथे दिसले. ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ साली निघाले.

मधुमेहाने शरीर खंगले होते. दुसऱ्यांवर भार होऊन जगण्यापेक्षा अन्नत्याग करून देह ठेवावा, असे त्यांनी ठरवले. जैनांची ही सल्लेखनेची रीत. १९४६ मध्ये एकदा त्यांनी उपवास सुरू केला, तेव्हा गांधीजींच्या आग्रहामुळे तो सोडला. पुढच्या वर्षी ते सेवाग्रामला आले आणि पुन्हा उपवास आरंभला. सुमारे महिनाभराने, ४ जून १९४७ रोजी, त्यांचा देह शांतपणे पडला. हिंदू घरात जन्म, बुद्धाच्या ग्रंथांत आयुष्य, आणि मरण जैन मुनीसारखे. दिल्लीत प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांना श्रद्धांजली वाहिली. त्यांच्या स्मरणार्थ पुतळा वा सभागृह असे काही सुचवले गेले नाही. पाली शिकण्यासाठी विद्यार्थ्यांना सिंहलद्वीपाला पाठवावे, अशी योजना पुढे आली.

‘विसुद्धिमग्ग’ची नागरी प्रत त्यांनी हयातीतच, १९४० साली, मुंबईच्या भारतीय विद्या भवनातर्फे काढली होती. हार्वर्डची प्रत छापून बाहेर पडली ती १९५० मध्ये, त्या विद्यापीठाच्या प्राच्य ग्रंथमालेचा ४१ वा खंड म्हणून. तिच्यावर वॉरनबरोबर धर्मानंद कोसंबी हे नाव आहे.