दाण्याचा हिशेब आणि भावाचा हक्क : डॉ. बी. व्ही. राव यांचे कार्य

के. आर. पुरम (बंगळूर) : या उपनगरातील दुकानांत विकल्या जाणाऱ्या ब्रॉयलर कोंबडीचा खर्च मुख्यतः तिच्या खाद्यावर होतो. एकूण उत्पादनखर्चात खाद्याचा वाटा सुमारे दोन तृतीयांश असतो. हा खर्च शेतकऱ्याला पेलावा आणि त्याच्या मालाला रास्त भाव मिळावा, या दोन प्रश्नांभोवती डॉ. बंडा वासुदेव राव यांचे आयुष्य गुंफलेले होते. आधुनिक भारतीय कुक्कुटपालनाचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

राव यांनी 1971 मध्ये हैदराबादेत वेंकटेश्वरा हॅचरीज ही संस्था सुरू केली. पुढे पुणे हे त्यांच्या उद्योगसमूहाचे केंद्र बनले. त्या काळी कोंबडीपालन हा बहुतांशी परसदारी चालणारा जोडधंदा होता आणि सुधारित जातींसाठी देश परदेशांवर अवलंबून होता. अमेरिकेतील कॉब कंपनीच्या सहकार्याने त्यांच्या समूहाने येथेच पैदास केलेली ‘व्हेनकॉब’ ही ब्रॉयलर जात देशभर रुजली.

या जातीमागचे गणित खाद्याचे होते. एक किलो वजनवाढीसाठी दोन किलोंऐवजी 1.6 किलो खाद्य पुरले, तर दोन किलोंच्या पक्ष्यामागे 800 ग्रॅम खाद्य वाचते. पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये ही बचत चार टन होते. मात्र केवळ जात उत्तम असून भागत नाही. कोवळ्या पिल्लांना अधिक प्रथिनांचे, तर विक्रीयोग्य होत आलेल्या पक्ष्यांना अधिक ऊर्जेचे खाद्य द्यावे लागते. मका ऊर्जा पुरवतो आणि सोयाबीन पेंड प्रथिने. प्रमाण चुकले किंवा खाद्य तुसात सांडले, की नफा तेथेच संपतो. म्हणूनच पिल्लांबरोबर खाद्य, लसी आणि प्रशिक्षण यांचीही जोड समूहाने दिली. पुण्याजवळील उरुळी कांचन येथील कुक्कुटपालन प्रशिक्षण संस्था आज राव यांच्याच नावाने ओळखली जाते.

काटकसर करूनही भाव व्यापाऱ्यांच्या हाती राहिला, तर शेतकरी तोट्यातच जातो, हे राव यांनी अंडी उत्पादकांच्या हलाखीत पाहिले होते. मोठ्या शहरांतील व्यापारी दर ठरवत आणि उत्पादकांना तो मुकाट्याने स्वीकारावा लागे. राव यांनी देशभर फिरून उत्पादकांना संघटित केले. त्यातून 1982 मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली आणि उत्पादक स्वतः दर जाहीर करू लागले. 1990 मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. 1996 मध्ये त्यांचे निधन झाले.

आज अनेक ब्रॉयलर पालक करार पद्धतीने काम करतात. पिल्ले आणि खाद्य कंपनी पुरवते, शेड व श्रम शेतकऱ्याचे असतात. किती खाद्यात किती वजन मिळाले, यावर त्याचा मोबदला कमी-जास्त होतो. दाण्याचा हिशेब त्याला आता चोख जमतो. भाव ठरवण्याचा हक्क मात्र अंडी उत्पादकांप्रमाणे त्याच्या हाती अद्याप आलेला नाही.